वाचलेला धूर

परळी वैजनाथ

चि. शिवांजलीस,

सकाळपासून तीन कागद फाडले. हा चौथा फाडणार न्हाई, पण टपालात न जाता ट्रंकेतच पडून राहील, कारण तुझ्या आईनं शपथ घातलीय.

भावाच्या लग्नाला तू जर्मनीहून आली न्हाईस. फोनवर म्हणलीस, "आप्पा, एका विमानप्रवासानं किती कार्बन हवेत जातो, ठाऊक हाय का?" अगं, तीस वर्षं मी इथल्या थर्मल वीजकेंद्रात कोळसा जाळला, त्यावरच तू शिकलीस! लई राग आलता. तुझं खरं होतं, म्हणून जास्तच आलता.

तुझ्या आईचं दुखणं आता बरं होणारं न्हाई. डॉक्टर दिवाळीचं नावबी काढत न्हाईत. "पोरीला कळवू नका," एवढंच तिचं चाललंय. मला घरात बसवत न्हाई, बाहेर करमत न्हाई.

काल तिला म्हणलं, पोरगी विमानाच्या धुरापायी येत न्हाई. तर हसली. म्हणली, "आपल्या लिंगायतांत मेल्यावर जाळत न्हाईत, मातीत बसवतात. माझा तेवढा धूर वाचंल. तो तिच्या विमानाच्या हिशेबाला लावा, अन् तवा बोलवा तिला."

तवा येऊन काय करशील, बाई? आत्ता ये.

तुझा आप्पा,
मन्मथ