सदर इसमावर कारवाई व्हावी

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९

बायकोच्या, म्हणजे भानुमतीच्या, मोबाइलवर चलान आलं. गाडी तिच्या नावावर, म्हणून तिला आलं. चालवणारा मी. शनिवारी संध्याकाळी औरंगपुऱ्यात स्कूटर नो पार्किंगमध्ये उभी होती म्हणे. दंड पाचशे.

तिथं बोर्ड नव्हताच! एकतीस वर्षं सरकारी कचेरीत बोर्ड, सूचना आणि परिपत्रकं वाचण्यात गेली. बोर्ड असता तर मी वाचला असता.

बायको म्हणाली, भरून टाकू, काळा मसाला आणायला गेला होतात, समजा मसाला महाग पडला. मी म्हणालो, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, तत्त्व आलं की खर्च वाढतो. दुर्लक्ष केलं.

निश्चय: एक रुपया भरणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर जाहीर केलं की हे चलान मी रद्द करून दाखवीन, नाहीतर अध्यक्षपद सोडीन. चोवीस अंगठे आले.

राजीनाम्याचं लिहायला नको होतं. पण इलाज नव्हता. गेल्या महिन्यात मी तीन मतांनी अध्यक्ष झालो, तोही ‘शिस्त’ या मुद्द्यावर. पडलेले उमेदवार खंडेराव. फुलंब्रीचे, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. चौतीस वर्षं स्टेअरिंगवर बसलो पण एक दंड नाय, हे ते मला रोज सकाळी बागेत ऐकवतात. मी चलान भरलं तर हे गृहस्थ मला जन्मभर सुखानं चालू देणार नाहीत. आज त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं: व्हय, बघू की.

माणूस मनानं वाईट नाही, पण जळतो. माझ्या अभिनंदनाचे सहा फ्लेक्स लागले तेव्हापासून जास्तच. (फ्लेक्स लोकांनी लावले असं मी सांगतो. पैसे मी दिले, पण भावना लोकांचीच.) फोटोच्या दिवशी नेमकं मोतिया शर्टाचं बटण तुटलं. भानुमतीनं घाईत निळं लावलं. हात जोडले की दिसत नाही म्हणे. फ्लेक्सवाल्या शिवमला सांगून ठेवलं होतं, गर्दी थांबते तिथं लाव. तो परवानगीचं काहीतरी विचारत होता. म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न! मी स्वतः गेटवरचा तेवढा पाहिला. बाकीचे पाहायला वेळ कुठं आहे?

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.३०

स्थळपाहणी झाली. रिक्षानं गेलो. गाडी न्यायची जोखीम नको.

शोध लागला! बोर्ड आहे, पण कुणाच्या तरी फ्लेक्सखाली पूर्ण झाकलेला आहे. खालून लाल गोलाची कड तेवढी दिसते. फ्लेक्सचा वरचा भाग वाऱ्यानं फाटून मागं लोंबतो आहे, त्यामुळे चेहरा आणि नाव गायब. शिल्लक आहेत दोन जोडलेले हात, पोट आणि खाली ‘हार्दिक अभिनंदन’. शेजारचा रसवाला म्हणाला, महिना झाला साहब, रोज चार-पाच गाड्या उचलून नेतेत, लोकं बोंबलतेत, पण हा बाबा आपला हात जोडून उभाच.

संताप आला. स्वतःच्या कौतुकासाठी सरकारी बोर्ड झाकायचा आणि भुर्दंड कुणाला, तर माझ्यासारख्या सज्जनाला! हात तरी कसे जोडलेत, जणू उपकार करतोय. शर्टाला धड एकसारखी बटणंसुद्धा नाहीत. अशी माणसं पुढारी होतात म्हणून शहराचं हे असं आहे.

अकरा फोटो काढले.

घरी आल्यावर भानुमतीला दाखवले. तिनं एक फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, जाऊ द्या, पाचशे मी भरते. पुराव्याचं महत्त्व बायकांना कळत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अर्जाचा मसुदा तयार. सात पानं. भाषेला अशी धार बऱ्याच दिवसांनी आली. शेवटची मागणी: ‘केवळ चलान रद्द करून न थांबता, सदर हात जोडलेल्या इसमाचा शोध घेऊन त्याच्यावर जास्तीत जास्त कठोर कारवाई व्हावी, जेणेकरून अशा प्रसिद्धिलोलुप प्रवृत्तींस आळा बसेल.’

अडचण एकच. गाडी तिच्या नावावर, म्हणून अर्जदार तीच आणि सहीही तिचीच. भानुमतीनं सगळं वाचलं. विचारलं, ही शेवटची मागणी ठेवायचीच ना? म्हटलं, ठेवायचीच. तिनं पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हणालो, त्या माणसाची दया येते का तुला? ती म्हणाली, येते थोडी. मग पूर्ण नाव लिहून, अगदी वळणदार सही केली. लग्नानंतर इतक्या आवडीनं तिनं माझ्या कुठल्या कागदावर सही केल्याचं आठवत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऑनलाइन तक्रार दाखल. फोटो चढत नव्हते. लेकीनं, स्वरदानं, पुण्याहून दोन मिनिटांत चढवले. मार्गदर्शन माझंच.

शिवाय कागदी प्रत वाहतूक शाखेत नेऊन दिली. तिथल्या हवालदारांनी शेवटचं पान वाचून विचारलं, तुमी वळखता का याला? म्हटलं, असल्यांशी आमची ओळख नसते. ते म्हणाले, बरंय, पालिकेला पाठवतो, पण लई लिवलंय हो तुमी. कौतुक ऐकून बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

स्थिती: प्रलंबित. आज नऊ वेळा पाहिलं.

बागेत खंडेराव म्हणाले, लई ताणू नका साहेब, लोकअदालतीत मिटवून टाका, राजीनाम्याचं आमी काय मनावर घेत नाय. हे ‘काय मनावर घेत नाय’ ते पाचजणांसमोर म्हणाले. आज रात्री झोप लागणार नाही.

खरं लिहायचं तर भीती वाटते. कचेरी सुटली तशी मला साहेब म्हणणारी ही तेवढीच जागा उरली आहे.

ता. क. पैसे भरायचं पान सहज उघडून पाहिलं. फक्त अभ्यास म्हणून. ओटीपी भानुमतीच्या फोनवर जातो, म्हणून अभ्यास तिथंच थांबवला.

८ मार्च, शनिवार. सकाळी ११.१०

रद्द! रद्द! रद्द!

‘बोर्ड दर्शनी नसल्याने चलान रद्द. अनधिकृत फलकाबाबतची मागणी पुढील कारवाईसाठी पालिकेकडे वर्ग.’ एका दगडात दोन पक्षी. आदेश ग्रुपवर टाकला, सात पानी अर्जही टाकला, फोटोही टाकले. एकतीस अंगठे! खंडेरावांनी सगळ्यात शेवटी अंगठा दिला. मग लिहिलं: फोटू झूम करून बगितला. लई भारी.

हार मानावी तर अशी. मनात काही ठेवलं नाही.

११ मार्च, मंगळवार

शिवमचा फोन. पालिकेची माणसं दुकानावर आली होती, फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव असतं म्हणे, आणि काका, तुमचं नाव सांगावं लागंल मला. मी म्हणालो, अवश्य सांग, तक्रार आमच्याच घरातून गेली आहे. तो म्हणाला, तसं नाय काका. मी म्हणालो, घाबरू नकोस, नियम सगळ्यांना सारखे. फोन ठेवला. पोरगा भित्रा आहे.

१५ मार्च, शनिवार. दुपारी ४

पालिकेची नोटीस आली.

तक्रारदार: सौ. भानुमती श्रीनिवास लासूरकर.
जाबदेणार: श्री. श्रीनिवास लासूरकर.

दोघांचा पत्ता एकच, म्हणून पाकीटही एकच. तिनंच सही करून घेतलं.

सोबत शिवमनं दिलेला अख्ख्या फ्लेक्सचा फोटो. वर मी. खाली माझे हात. हातांच्या खाली निळं बटण.

तुला कधी कळलं, विचारलं. ती म्हणाली, बटण मी लावलंय. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, दोनदा विचारलं की, नक्की ना?

दंड चलानाच्या दहापट. मागणीप्रमाणे, जास्तीत जास्त. विरोधात अपील करायचं म्हटलं, तर माझाच सात पानी अर्ज मला खोडावा लागेल. मघापासून वाचतो आहे. एकही फट नाही. फार चांगला लिहिला आहे.

१६ मार्च, रविवार

दंड भरला. ओटीपी माझ्याच फोनवर आला.

संध्याकाळी संघाची बैठक. खंडेरावांनी ठराव मांडला: घरचा माणूस न बघता बेकायदा फ्लेक्सविरुद्ध तक्रार करणाऱ्या भानुमती वहिनींचा जाहीर सत्कार व्हावा. एकमतानं मंजूर. राजीनामा मागितला कुणीच नाही. मी स्वतःहून विषय काढला तर खंडेराव म्हणाले, छे छे साहेब, तुमी ऱ्हावाच, तुमच्याशिवाय मजा नाय.

सत्कार येत्या रविवारी. शाल-श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते, म्हणजे माझ्या.

भानुमतीनं मोतिया शर्ट इस्त्रीला टाकला आहे. बटण बदल म्हटलं. म्हणाली, हात जोडले की दिसत नाही.