सर्वात जुना कर्नल

४ मार्च, मंगळवार

झाली एकदाची टूलचेन! इथल्या मोठ्या मशीनवर बसून त्या चिमुकल्या डब्यांसाठी प्रोग्रॅम तयार करणारा आपला स्वतःचा कंपायलर. तीन आठवडे डोकं खाल्लं त्याने. डबे म्हणजे वृद्धाश्रमातले. खोलीतलं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर घंटी वाजते, एवढंच त्यांचं काम.

शेवटी एकच प्रश्न उरला होता — कर्नल हेडर्स कुठल्या आवृत्तीचे घ्यायचे? कर्नल हा डब्याचा गाभा, आणि हेडर्स म्हणजे त्या गाभ्याला काय काय येतं याची यादी. यादीवर भरवसा ठेवून बाकी सगळं बांधायचं. मी नव्यातले नवे घेतले. खाली आणखी एक रकाना होता, आधीपासून भरलेला — ‘सर्वात जुना कर्नल: हेडर्सइतकाच’. वाचला आणि पुढे गेले.

टेस्टिंगवालीने विचारलं, “आश्रमाच्या जुन्या इमारतीतल्या डब्यांवर कुठला कर्नल आहे गं?” मी म्हटलं, “असू दे कुठलाही. कर्नल जुनं काही मोडत नाही कधी.” चारचौघांत म्हटलं, जरा ऐटीतच.

घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, “कर्नलसाहेब निवृत्त झाले की नाही अजून?” दर वेळी हाच विनोद. तरी हसले. आज कशावरही हसले असते.

६ मार्च, गुरुवार

नवा प्रोग्रॅम सगळ्या डब्यांवर पाठवला. लॅबमधल्या चारही डब्यांवर मस्त चालतोय. साहेब म्हणाले, “एप्रिलपासून विभाग तूच सांभाळ.” मी “बघू” म्हटलं खरं, पण चेहऱ्यावरचा आनंद काही लपला नाही.

१० मार्च, सोमवार

जुन्या इमारतीतले एक आजोबा आज सकाळी बाथरूममध्ये पडले. भिंतीवरचं बटण हाताशी होतं. दाबत राहिले. नर्सच्या टेबलावर काहीच वाजलं नाही. दोन तासांनी सफाईवाली गेली तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन.

मग सगळ्या खोल्या तपासल्या. नव्या इमारतीत सगळं ठीक. जुनीतल्या बावीसच्या बावीस खोल्या मुक्या. हिरवा दिवा मात्र सगळीकडे लागलेला — तो काय, वीज आली की लागतो. गुरुवारपासून कुणालाच घंटीची गरज पडली नाही का, असं तिथल्या मुख्य नर्सने, मेट्रनने विचारलं तर दोन आजी म्हणाल्या, “दाबली की. वाटलं, पोरी कामात असतील. मग नाही दाबली.”

साहेबांनी जागच्या जागी निकाल लावला. “जुन्या इमारतीचं वायरिंग फिटरचं. हलगर्जीपणा, दुसरं काय!” फिटरकाका तिथेच उभे होते. इतकंच म्हणाले, “बघतो साहेब. एकेक जोड उघडून बघतो.”

नव्या इमारतीत वाजतं, जुनीत नाही, हे कानावर पडलं. मला त्याच क्षणी कळलं, दोष माझ्या प्रोग्रॅमचा. तरी खापर काकांच्या डोक्यावर फुटताना बघत बसले, वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखी.

११ मार्च, मंगळवार

स्टोअरच्या वरच्या फळीवरून एक जुना डबा काढला. खुर्चीवर चढून, दार लावून, चोरासारखी. नवा प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर एकच ओळ — कर्नल फार जुना. आणि बंद. तो आधीपासून भरलेला रकाना हेच सांगत होता: याहून जुन्या कर्नलवर चालणार नाही.

जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालतो, हे वचन खरं. नवा प्रोग्रॅम जुन्या कर्नलवर चालेल, असं वचन कुणी कधी दिलंच नव्हतं. मी ते उलटं धरलं आणि वर शहाणपण पाजळलं! हेडर्स घ्यायचे ते आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या डब्याला झेपतील असे. नवीन आलेल्यांना हे मीच शिकवते. टेस्टिंगवालीने विचारलं तेव्हा एक डबा काढून बघायला पाच मिनिटं लागली असती.

आजोबांचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आहेत.

१२ मार्च, बुधवार

जुन्या हेडर्सवर टूलचेन पुन्हा बांधली. कुणाला काही विचारलं नाही, कुणी मला विचारलं नाही. दुपारी चारला नवा प्रोग्रॅम गुपचूप पाठवला. स्वतःला म्हटलं, आधी घंट्या वाजू देत, मग सांगते.

वाजल्या. बावीसच्या बावीस. अर्ध्या तासात मेट्रनचा फोन — “तुमच्या फिटरनी केलं हो शेवटी!”

काका सकाळपासून तिथेच होते. प्रत्येक खोलीतला जोड उघडला, घासला, पुन्हा आवळला. शेवटच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा चार वाजत होते. झालं! वायरी आवळल्या आणि घंटी वाजली, म्हणजे दोष वायरीचाच. आता कुणाच्याच मनात शंका नाही.

मी केलेली दुरुस्ती त्यांच्याविरुद्ध पुरावा झाली. ठरवून केलं असतं तरी इतकं हलकट काम जमलं नसतं.

१३ मार्च, गुरुवार

सांगितलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

जिन्यात काका भेटले. थांबले. म्हणाले, “ताई, वीस वर्षांत असं झालं नाही. मला तर जोड घट्टच लागले होते. पण हातांना आता पूर्वीसारखं कळत नसेल, काय सांगावं.” स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

मी काय म्हणाले? “होतं काका कधी कधी.” होतं कधी कधी! थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, “तुझं नाव आलंय का कुठे?” नाही म्हटलं. “मग कशाला उकरून काढतेस?” ऐकून माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला. बाकी सगळ्यापेक्षा त्याचीच लाज वाटतेय.

१७ मार्च, सोमवार

काकांना महिनाअखेरीपर्यंतच या म्हणून सांगितलंय. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. टेस्टिंगवाली माझ्याकडे बघत राहिली. तिला तिचा प्रश्न आठवत असणार. मी खाली बघितलं.

जेवणाच्या सुट्टीत मेल लिहिली. आवृत्त्या, तारखा, तो रकाना, बुधवारी चार वाजता गुपचूप काय पाठवलं ते — सगळं. ‘वायरिंगचा काहीही संबंध नाही. चूक माझी आहे.’ आधी ‘अनवधानाने’ असं घातलं होतं, ते काढलं. मग साहेबांना पाठवून दिली. बटण दाबताना पाचावर धारण बसली होती.

घरी येऊन दोनदा वाढून घेतलं. आठवड्यात पहिल्यांदा अन्नाला चव लागली. विभाग जाईल, जाऊ दे. उद्या काकांना स्वतः भेटून सांगणार.

१८ मार्च, मंगळवार

साहेबांनी आत बोलावलं. एक कागद पुढे सरकवला. काकांचं अक्षर. ‘जोड माझ्याच हातून सैल राहिले असावेत. आजोबांची मी दवाखान्यात जाऊन माफी मागितली आहे.’ खाली सही. काल सकाळीच देऊन गेले म्हणे, कुणी न मागता.

साहेब म्हणाले, “आश्रमवाल्यांना हे पुरतं. तुझी मेल मला मिळालीच नाही असं धरतो. चालेल ना?”

मी “चालेल” म्हणाले.