गादीखालच्या चटया

सिनालेई,

रक्त तपासायला शहरात, आपियाला गेलेय. कॅन्सर मला झालाय आणि घाई तुला.

मयताला द्यायच्या चटया गादीखालून काढून अंगणात उन्हात घातल्यास ना तू, मग गाव काय समजणार? सकाळी पाद्रीबुवा विचारायला आले, भजनं कुठली म्हणायची. दार मीच उघडलं. ओशाळले बिचारे, पण नारळाचे तीन पाव खाऊनच गेले.

चटया आधी आत घे. नव्या औषधासाठी ऑकलंडच्या इस्पितळातून कधीही फोन येईल. रडत बसू नकोस, "ताई येतेय" एवढंच सांग.

मागे तारोचा कंद लावलाय, आठ महिन्यांनी तयार होईल. पाणी घाल, पण उपटू नकोस. तो मी काढणार आहे.

ताई