हात लावण्याआधी

सोमवार, ४ मार्च
आज प्रशिक्षकांचा वर्ग घेतला. नियम एकच — मुलीला कोलांटीत आधार देण्याआधी विचारायचं, ‘हात लावू का?’ उत्तर येईपर्यंत हात आपल्यापाशी! दादा खो खो हसला. ‘तोवर पोरगी डोक्यावर आपटेल की!’ सगळे हसले. थोडी मीही — हा जिम्नॅस्टिक्सचा हॉल त्याचा, मला पहिली कोलांटी शिकवली तीही त्यानेच. मग म्हटलं, गादीवर उभी असताना विचारायचं, हवेत असताना नाही.

वहिनी दाराशी हजेरी बघत होती. ‘आणि नको म्हणाली, तर?’ तिने विचारलं. म्हटलं, हात मागे. विषय संपला.

बुधवार, ६ मार्च
मुलींचा वर्ग. ‘नको’ म्हणायचा सराव. पोरींनी हॉल डोक्यावर घेतला! खारूताईच्या तोंडून मात्र शब्द फुटेना. बारा वर्षांची, बीमच्या अरुंद पट्टीवर सगळ्यांत धीट, म्हणून हे टोपणनाव. शेवटी गादीकडे बघत म्हणाली, ‘सरांनापण म्हणायचं?’

‘सरांनापण,’ म्हटलं.

गुरुवार, ७ मार्च
असं का विचारलं तिने? दादा आहे तो माझा!

शनिवार, ९ मार्च
दादाने मुद्दाम नाटकी आवाजात विचारलं, ‘काय खारूताई, हात लावू का?’

‘नको.’ सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

‘चल, नखरे पुरे!’ म्हणत त्याने कंबरेला धरलंच. ती लाकडासारखी ताठ. मी ओरडले, ‘दादा, हात काढ!’

बाहेर नेलं तिला. वर्ग सुटल्यावर सामानाच्या खोलीत दादा काय काय करायचा, ते तिने सांगितलं. इथे लिहवत नाही. ‘माझा विश्वास आहे तुझ्यावर,’ एवढंच म्हणू शकले. तिच्या आईला लगेच बोलावून घेतलं.

रविवार, १० मार्च
माझ्या आईचा फोन. ‘परक्या पोरीसाठी सख्ख्या भावाचा संसार मोडतेस?’

मला वहिनीचं वाईट वाटतंय. लग्नाआधी तीही त्याच्याच हाताखाली शिकली, त्याचा शब्द खाली पडू देत नाही. तिला तोंड कसं दाखवू? उद्या मायलेकींबरोबर पोलीस चौकीत जायचंय. भीती वाटते. तरी जाणार.

सोमवार, ११ मार्च
चौकीच्या पायरीवर वहिनी आधीच बसलेली. वाटलं, आता हातापाया पडून अडवणार. उठली, आणि खारूताईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

‘वन्सं, मी तेव्हा तेरा वर्षांची होते. माझंही लिहून घ्यायला सांगा.’