मधल्या खांबातली खिडकी

रोम
९ फेब्रुवारी २०२५

चि. पुनमस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू तीनच शब्द बोलतेस: हो, बरं, ठेवते. म्हणून हे पत्र. नूतन याचे फोटो काढून पाठवील. साइटवरून अहेरीला परतलीस, रेंज आली, की वाच.

इथे येऊन आठ दिवस झाले. लेक नूतन सकाळी भाताच्या वाणांवर काम करायला ऑफिसात जाते आणि मी दोन स्वेटर घालून शहरात. चंद्रपूरच्या माणसाला ही थंडी म्हणजे शिक्षाच. काल नदीवरचा एक जुना पूल पाहिला, पोंते फाब्रिचो. दोन हजार ऐंशीच्या वर वर्षं झालीत आणि लोक त्यावरून दवाखान्यात जातात, भाजी घेऊन येतात. दोन मोठ्या कमानी आहेत आणि मध्ये एक खांब. त्या खांबाच्या पोटात वरच्या बाजूला तिसरी, लहान कमान आहे. खाली नदी, वर रस्ता आणि मधोमध ही खिडकी. तिच्यातून पलीकडचं आकाश दिसतं. मी तासभर बसून चित्र काढलं. ते सोबत आहे.

ही खिडकी शोभेसाठी की कामासाठी, ते मला कळेना. तू इंजिनियर, तू सांग. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत तुला सी श्रेणी मिळाली होती, तरी चित्र बघायला हरकत नाही.

लोभ तुझ्या नियमात बसेल तेवढा तरी असू दे.

तुझी,
मंजुषामावशी

*

अहेरी
१६ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
पुनमचा सा. न. वि. वि.

पत्र आणि चित्र मिळालं. खिडकी कामासाठी आहे. पूर आला की भरीव खांब पाणी अडवतो आणि अडलेलं पाणी खांबाला ढकलतं. तिथे वाट ठेवली की ढकल कमी होते. शिवाय वरचं वजन घटतं. ती सुंदरही दिसते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझ्या विषयात तो येत नाही.

विचारण्याचं कारण नव्हतं, पण सध्या माझ्याकडेही एक पूल आहे. अहेरीपासून चौतीस किलोमीटरवर पेरमटोला नावाचं चाळीस घरांचं गाव आहे. गाव नाल्याच्या अलीकडे आणि धानाची शेतं पलीकडे. आधी तिथे पाइप टाकून रपटा, म्हणजे बुटका पूल, केला होता, तो दुसऱ्या पावसाळ्यात गेला. मग दुसरा केला, तोही गेला. आता पायी आणि मोटरसायकलपुरता साकव मंजूर आहे: बारा-बारा मीटरचे दोन गाळे आणि मध्ये एक खांब. काँक्रीटची गाडी तिथवर जात नाही आणि काळा दगड गावातच आहे, म्हणून खांब दगडी. अडीच मीटर रुंद. स्वतंत्रपणे माझ्या नावावर असलेलं हे पहिलं काम.

ग्रामसभेत लालसू म्हणून वडीलधारे आहेत, ते फार बोलत नाहीत. सोमारीबाई बोलतात. त्यांनी मला विचारलं, दोन पूल पाह्यले आम्ही, हा किती साल टिकन? जुलैतल्या धानाच्या रोवणीआधी पूल चालू होईल, एवढंच मी सांगितलं.

माझे प्रश्न: लहान कमानीची रुंदी किती, उंची किती, ती पाण्यापासून किती वर आहे, खांबाचं पाण्याकडचं टोक चपटं आहे की अणकुचीदार. अंदाज चालेल, पण अंदाज आहे असं लिहावं.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

पुनम

*

रोम
२७ फेब्रुवारी २०२५

चि. पुनमस,
अनेक आशीर्वाद आणि एक नमस्कारही, कारण आता तू माझी साहेब झालीस.

तुझ्या प्रश्नांसाठी मी दोन दिवस पुलावर छत्री घेऊन मापं काढली. एक पोलीस येऊन उभा राहिला. त्याला मराठीत समजावलं, तर तो हसून गेला. सगळे अंदाज आहेत: मोठ्या कमानी पंचवीस मीटरच्या आतबाहेर, लहान कमान सहा मीटर रुंद, आणि आजच्या पाण्यापासून ती बरीच वर, दुमजली घराच्या छपराएवढी. पाण्याकडचं टोक अणकुचीदार आहे, आपल्याकडच्या डोंग्याच्या नाकासारखं.

कमानीवर मोठी अक्षरं कोरलेली आहेत. नूतनने वाचून सांगितलं की फाब्रिचियुस नावाच्या रस्त्यांच्या अधिकाऱ्याने हा पूल करवून घेतला आणि त्यानेच तो तपासून पसंत केला.

परवा पाऊस होता तेव्हा इथल्या मोठ्या घुमटाच्या जुन्या देवळात गेले. घुमटाच्या माथ्याला गोल भोक, सरळ आकाशाला उघडं. सगळे माना वर करून बघत होते आणि मी खाली. फरशी मध्ये किंचित उंच आहे आणि तिच्यात बोटाएवढी भोकं, पाणी तिथून जातं. बावीस मोजली. एवढा देखणा घुमट बांधणाऱ्याने फरशी पुसणाऱ्याचाही विचार केला होता. तुझ्या विषयात हे येतं का?

उत्तर चार ओळींपेक्षा मोठं आलं तर लोभ आहे असं समजेन.

मंजुषामावशी

*

अहेरी
१८ मार्च २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मापांबद्दल आभार. स्वतः करवून घेऊन स्वतःच पसंत केलेलं काम आमच्याकडे लेखापरीक्षणात अडकलं असतं.

घुमटाची फरशी माझ्या विषयात येते. ढाळ किती, ते कळलं तर कळव.

मी साकवाच्या खांबात एक मीटर रुंद आणि एक मीटर चाळीस उंच कमान धरून नवा नकाशा केला. तळापासून दोन मीटरवर ती सुरू होते. हिशोबाने पुराचं पाणी तीन मीटर नव्वदपर्यंत येतं, म्हणजे पुरात कमान पूर्ण कामात येईल. या नाल्याच्या पुराची नोंद कुठेच नाही, त्यामुळे हा आकडा पावसावरून आणि क्षेत्रफळावरून काढलेला आहे. साहेबांनी आधी नाही म्हटलं. मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं की मंजूर नकाशात तुम्हाला एवढं काय खुपतं. मी आकडेमोड पुढे ठेवली. त्यांनी सही केली आणि म्हणाले, या भोकाची जबाबदारी तुमची. आता ऑफिसात मला रोमवाल्या मॅडम म्हणतात.

पायाचं खोदकाम झालं आहे. तुझं चित्र मी टेबलासमोर लावलं आहे. कारण फक्त संदर्भ.

पुनम

*

रोम
२५ मार्च २०२५

चि. पुनमस,
अनेक आशीर्वाद.

रोमवाल्या मॅडम, पत्र वाचून नूतनला मी भर ऑफिसात फोन केला. छत्तीसगडच्या सीमेजवळ एका नाल्यावर माझी खिडकी बसणार! संदर्भ म्हणून लावलेलं चित्र सरळ टांगलं आहेस ना, तेवढं बघ.

चार दिवस वरच्या डोंगरांत पाऊस झाला, नदी मातकट होऊन फुगली आहे. त्या पुलाच्या खांबाच्या नाकाशी एक आख्खं झाड येऊन अडकलंय, मुळं वर करून. त्यावर एक काळा पक्षी पंख वाळवत बसला होता. त्याचंही चित्र काढलं, पण ते तुझ्या कामाचं नाही.

मी पाच मेला चंद्रपूरला पोचते. भर उन्हाळ्यात. लोक मला वेडी म्हणतील. लोभ उन्हात टिकेल असा ठेव.

मंजुषामावशी

*

अहेरी
१३ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

नकाशा चुकला आहे. क्रमाने लिहिते.

गुरुवारी खांब दीड मीटरपर्यंत आला. कमान कुठून सुरू होणार ते दाखवण्यासाठी मी लाकडी साचा वर उभा करवला. लालसूभाऊ रोज येतात, काठावर बसतात आणि जातात. त्या दिवशी ते खाली उतरले, साच्यात हात घालून पाहिलं आणि हे कशाला म्हणून विचारलं. मी पाण्याची ढकल समजावली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, एवढ्या दारातून पाणी जाते. पण नाल्यात पाणी एकटंच नाई येत."

मी काय येतं ते विचारलं. ते मला वर घेऊन गेले, नाल्याच्या काठाने अर्धा तास. एका वळणावर गेल्या वर्षीच्या पुरात उपटून आलेली बांबूची बेटं पडली होती, मुळांच्या गड्ड्यासकट. मी तीन मोजली. गड्डा एक मीटर ऐंशी, दोन मीटर दहा आणि एक मीटर साठ. वरचे बांबू सहा ते आठ मीटर. दोन्ही रपटे त्यांनीच नेले होते, पाइपांची तोंडं बुजवून. ही नोंद आमच्या फाइलमध्ये नाही. मी गावात विचारलंही नव्हतं.

सहा मीटरच्या कमानीतून असं बेट निघून जातं. माझ्या एक मीटरच्या कमानीत ते बसतं आणि मग मागून आलेलं सगळं तिथे साचतं. मी रोमचा पूल प्रमाणात लहान केला, पण बांबू लहान होत नाही. जी वाट खांबाचा भार हलका करायला होती, तीच खांब पाडेल. त्या नदीत झाड नाकाशी अडकल्याचं तू लिहिलं होतंस. ते मी वाचलं आणि पुढे गेले.

आता प्रश्न असा आहे. आहे तसं बांधलं तर जूनमध्ये पूल चालू होईल, कागदोपत्री सगळं बरोबर असेल आणि तो बहुधा एक-दोन पावसाळे उभा राहील. बदल करायचा तर पुन्हा मंजुरी, निदान तीन आठवडे काम बंद, आणि वरची फळी, म्हणजे चालायचा भाग, पावसाआधी होणार नाही. गावाला मी रोवणीचा शब्द दिला आहे. भरीव खांब पहिल्या नकाशात होताच. तो बदलायला मीच भाग पाडलं होतं, आणि मावशी, आकडेमोड मी नंतर केली. चित्र आधी आवडलं होतं.

हे कोणाला सांगितलेलं नाही.

पुनम

*

रोम
१६ एप्रिल २०२५

चि. पुनमस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. काय करायचं ते तुला ठाऊक आहे, नाहीतर तीन गड्ड्यांची मापं घेतली नसतीस. चित्र आवडलं याची लाज वाटून घेऊ नकोस. ते आवडण्याजोगंच आहे. माझ्या चित्रकलेच्या वर्गात मुलं दुसऱ्याच्या चित्रातला डोंगर उचलून आपल्या कागदावर ठेवायची आणि मग त्याखाली झोपडी मावायची नाही. मी रागावत नसे. खोडरबर द्यायची.

साहेबांकडे जाताना काहीतरी खाऊन जा. उपाशी असलीस की तू फार ताठ बोलतेस.

या वेळी लोभ मी मागत नाही, पाठवते आहे.

मंजुषामावशी

*

अहेरी
१५ मे २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू चंद्रपूरला पोचलीस हे नूतनताईने कळवलं. बेचाळीस अंश तापमानात कुलर नीट चालतो का, ते बघ. गवत बदल.

मी साहेबांकडे गेले. आधी पोहे खाल्ले. अर्ज एका परिच्छेदाचा होता: कमानीचा प्रस्ताव माझा होता, तो वाहून येणाऱ्या बांबूचा विचार न करता केला होता, खांब भरीव ठेवून पाण्याकडचं नाक पंचाहत्तर सेंटिमीटर पुढे वाढवण्याची मंजुरी मिळावी. साहेबांनी वाचून विचारलं की आता रोमवाल्यांनी काय कळवलं. मी म्हटलं, हे पेरमटोल्याने कळवलं. ते हसले नाहीत. मंजुरी चोवीस दिवसांनी आली. माझ्या फाइलवर शेरा आहे: निर्णयात स्थिरता नाही. तो चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही.

त्याहून अवघड ग्रामसभा होती. रोवणीला पूल मिळणार नाही, खांब तेवढा उभा राहील, वरचं काम दिवाळीनंतर, आणि चूक माझी आहे, एवढं मी उभी राहून सांगितलं. मग सोमारीबाईंनी विचारलं, रोमचा पूल दोन हजार साल टिकला म्हणता, तं त्याईनं कोणाले विचारून बांधला होता? लोक हसले. यंदा त्या आणि आणखी अकरा बाया रोवणीचे पंधरा दिवस शेतातच झोपड्या घालून राहतील. मुलं घरी ठेवून.

लोभ असावा. यंदा मी तो कमावलेला नाही.

पुनम

*

अहेरी
२ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पूर येऊन गेला. तुला फोनवर बरं आहे म्हटलं, ते अपुरं होतं.

खांब जूनच्या वीस तारखेला पूर्ण झाला. चार मीटर साठ उंच, वर काही नाही. नाल्याच्या मध्ये नुसता उभा. पलीकडून पाहिलं तर नाक वरपर्यंत एका रेषेत जातं. गवंड्यांनी कोपऱ्याचे दगड फार चांगले घडवले आहेत.

एकोणतीस जुलैला पाऊस लागला आणि गावाकडचे दोन्ही रस्ते बंद झाले. गावात रेंज नाही. तीन दिवस मला काही कळण्याचा मार्ग नव्हता. मी ऑफिसात बसून त्याच खांबाची आकडेमोड चार वेळा केली. चारही वेळा उत्तर तेच आलं. त्याने काही फरक पडला नाही.

काल दुपारी लालसूभाऊ ऑफिसात आले. वाटेत दोन नाले छातीभर पाण्यातून ओलांडले आणि पुढे बस धरली. साहेबांच्या दारावरून सरळ माझ्या टेबलाशी आले आणि पिशवीतून एक दोरी काढून ठेवली. तिला पाच गाठी होत्या.

पुरात खांबापर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून ते रोज सकाळ-संध्याकाळ काठावरून पाण्याबाहेर दिसणारे दगडांचे थर मोजत होते. पाणी उतरल्यावर खांबापाशी जाऊन तळापासून त्या त्या थरापर्यंत दोरी लावून त्यांनी गाठ मारली. सगळ्यात वरची गाठ गुरुवारी सकाळची. बांबूची दोन बेटं आली. एक नाकावर आदळून डावीकडे फिरलं आणि गेलं. दुसरं अर्धा दिवस तिथेच अडकून राहिलं, मग तेही फिरलं. नाकाचा एक दगड फुटला आहे. बाकी खांब जागेवर. त्यांनी एवढंच सांगितलं, चहा घेतला आणि परतीची बस कधी आहे ते विचारलं. जाताना म्हणाले, "आता तुमच्या फाइलीत लिवा, नाला केवढा येते ते."

मी दोरी मोजली. तीनदा. वरची गाठ चार मीटर पस्तीस सेंटिमीटरवर आहे. माझा हिशोब तीन मीटर नव्वदचा होता. त्या नाल्याच्या पुराची ही पहिली नोंद. मी ती तारीख, वेळ आणि मोजणाऱ्याचं नाव लिहून फाइलला लावली, दोरीसकट.

म्हणजे पुलाची फळी मी धरली होती त्यापेक्षा पंचेचाळीस सेंटिमीटर वर न्यावी लागेल आणि खांबही तेवढा चढवावा लागेल. नकाशा रात्री दुरुस्त केला. सोमवारी पुन्हा साहेबांकडे जायचं आहे. पोहे खाऊन जाईन.

तुझी,
पुनम