दोरातली वाळू

ती. वहिनींस,

नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? धाकटी शाळेत जायला लागली का?

दादाच्या अंगावर तुटून ज्याने त्याचा जीव घेतला, तो दोर परवा तपासणीला आला, माझ्याच टेबलावर. खोल समुद्रात तेलविहिरीचा तरंगता फलाट जागेवर धरून ठेवणारा पॉलिएस्टरचा दोर, मांडीएवढा जाड. बसवताना असा दोर समुद्रतळाला टेकला, तर तो बाद करतात. वाळू आत शिरते आणि ताण आला की धागे आतून कापते.

मी वरचं वेष्टण उसवलं. आत वाळू होती.

नोंदवहीत ‘तळाला टेकला नाही’ असं लिहिलंय. अक्षर दादाच्या तुकडीच्या फोरमनभाऊंचं.

त्यांना विचारलं, तर म्हणाले, “अरे, एकदाच सुटून तळाला गेला होता. धुऊन घेतला की!”

“दादाला सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर त्याने काम थांबवलं असतं. तुला माहितीये ना तो कसा होता.”

वहिनी, हेच फोरमनभाऊ आपल्या घरी बसून म्हणाले होते की दादाने घाईने ताण दिला म्हणून दोर तुटला. तुम्ही हात जोडून म्हणालात, “ह्यांच्यामुळे तुम्हाला त्रास झाला.” त्यांनी मान डोलावली. मीही ते खरं मानलं, सख्खा भाऊ असून.

अहवालात वाळू लिहून सही केली आहे. नोकरीचं काय ते कळेलच. आईला एवढ्यात सांगू नका.

फोरमनभाऊ पुन्हा आले तर हवं तर चहा द्या. हात मात्र जोडू नका.

तुमचा दीर