ठमाआजीचा शेअर आणि माझं बँकिंग

५ मे, सोमवार
आजपासून मी इन्व्हेस्टमेंट बँकर. ऑफिस बारामतीत, भिगवण रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर. बोर्डावर ठळक अक्षरात अल्फा वेल्थ, इन्व्हेस्टमेंट, बँकिंग. खाली इन्शुरन्स, पॅनकार्ड, रेल्वे तिकीट असंही आहे, पण ते बारीक अक्षरात. बारीक अक्षर कोण वाचतं.
मालक नईम सर. म्हणाले, उन्हाळाभर ये, पत्रकं वाट, माणसं जोड, पेट्रोलचं बघू. याला समर इंटर्नशिप म्हणतात. शेवटी सर्टिफिकेट मिळणार, हे मी आधीच बोलून घेतलं.
बी.कॉम. सुटलं ते बरंच झालं. त्यानंतर जेसीबी, ड्रोनचा कोर्स, गोव्यातलं हॉटेल, सगळीकडं जाऊन आलो. लोक म्हणतात टिकत नाही. ती सगळी याचीच तयारी होती, हे लोकांना कसं कळणार.
संकल्प: पहाटे उठणे. इंग्रजी पेपर. टाय.

६ मे
आठला उठलो. टाय घेतला, मरून रंगाचा. इंग्रजी पेपर आमच्या निरवांगीत येत नाही, त्यामुळं तो प्रश्न मिटला.

९ मे
घरी मी आणि ठमाआजी. नात्यानं चुलत आजी, पण आई-बाबा चाकणला गेल्यापासून हिनंच वाढवलंय. तिनं विचारलं, काम कसलं हाय रं तुझं? म्हणालो, शेअरचं. तर भाकरी थापायची थांबली. म्हणाली, कारखान्याच्या शेअर विभागात लागलास व्हय!
आमच्याकडं शेअर म्हणजे साखर कारखान्याचाच. दुसरा शेअर जगात असतो हे तिला पटणार नाही. टेक्निकल विषय आहे. मी नुसता हसलो.
संध्याकाळपर्यंत निम्म्या गल्लीला कळलं होतं. देवळापाशी दोघांनी रामराम घातला, तोही आधी त्यांनी.

११ मे, रविवार
आजीनं ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत तात्यांच्या नावचा शेअरचा दाखला आणि त्यांच्या मयताचा दाखला. तात्या म्हणजे तिचे मालक, दत्तोबा पोळ, गेल्या साली गेले. म्हणाली, आता तू तितंच हायस, तर ह्यो माझ्या नावावर कर.
म्हणालो, एवढी घाई कशाला. तर सांगायला लागली. दरसाल सभेचा अहवाल पोस्टानं येतो, त्यावर सभासदाचं नाव छापलेलं असतं. तात्यांचं. ते तो उघडायचेसुद्धा नाहीत, पण नाव बघून ठेवायचे. आजीच्या नावानं आजवर घरात एक कागद आलेला नाही. साक्षरता वर्गात ती एवढंच शिकली, स्वतःचं नाव. बाकी अक्षरं तिला सगळी सारखी, पण ठ लांबून ओळखते. म्हणते, ठ म्हंजी खुटीला टांगल्याली घागर.
आणि डोळ्यांत काचबिंदू. बारामतीच्या डॉक्टरनं सांगितलंय, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती ड्रॉप टाकून सांभाळायची. म्हणाली, औंदा दिसतंय तंवर बघू दे. पुढल्या साली अहवाल यील, पर मला दिसंल का न्हाय कुणाला ठावं.
माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर होता. म्हणालो, आठवड्यात करून टाकतो. माझा पहिला डील.

१३ मे
डीलचं नाव ठेवलं ‘प्रोजेक्ट घागर’. मोठ्या बँकांत असंच ठेवतात. पहिल्या पानावर ते नाव लिहिण्यात सकाळ गेली, पण सुबक आलं.

२० मे
ऑफिसात आणखी एक इंटर्न आहे. संस्कृती, पणदऱ्याची. तिनं आज माझ्या बॅगेतली पिशवी पाहिली. म्हणाली, बँकर, हे वारस नोंदीचं आहे ना, आमच्या काकूंचं झालं की परवा. कारखान्यातून फॉर्म आणायचा, सही घ्यायची, खिडकीवर द्यायचा, अर्ध्या तासाचं काम. फक्त जूनअखेर सभासदांची यादी बंद होते, मग ती अहवालावरच्या नावांसाठी छापायला जाते.
अर्ध्या तासाचं काम असेल तर आजच कशाला करायचं? जून अख्खा पडलाय.
दुपारी पत्रकं वाटायची होती. मार्केट यार्डात एकाची नवी बोलेरो दिसली, तिच्याबद्दल बोलत बसलो. पत्रकं उद्या.

२९ मे
सौरभबरोबर कारखान्याच्या गेटवरून गेलो. सौरभ म्हणजे आमच्या गावचा, बुलेटवाला. गेट बघून ठेवलं. साइट व्हिजिट झाली म्हणायची.

४ जून
नईम सरांनी विचारलं, किती माणसं जोडली. म्हणालो, पाइपलाइन तयार होतेय. ते म्हणाले, बाळा, पाइपलाइन शेतात घालतात, इथं मला माणूस दाखव. संस्कृती हसली. मोठ्या संस्थांत असं प्रेशर असतंच.

१४ जून
फॉर्म आणला. म्हणजे संस्कृतीनं आणला, तिचं काम होतं तिकडं. म्हणाली, मला पिशवी दे, मीच देऊन टाकते. नाही म्हणालो. क्लायंट माझा आहे.

१५ जून, रविवार
आजीनं सही केली. आधी हात धुतले. मग अंगणात उजेडाला बसून जुन्या कॅलेंडरच्या मागं ठ काढून बघितला, एक, दुसरा, भरपूर. घागर फुटली म्हणायची, परत काढायची. शेजारच्या नसरीन चाची कोथिंबीर मागायला आल्या होत्या, म्हणाल्या, ठमाबाई, अगं कलेक्टर झालीस का काय! आजी म्हणाली, व्हय, तू गप ऱ्हा, म निसटतोय माझा. फॉर्मवर सही व्हायला दुपार झाली. रेघेच्या बाहेर गेली थोडी, पण ठ झकास.
उद्या देतोच.

१६ जून
पंक्चर.

२३ जून
मन लागत नाही. बँकिंगमध्ये बर्नआउट होतो असं व्हिडिओत पाहिलं. तोच असणार. आजी रोज ड्रॉप टाकताना विचारते, गेलं का रं पुढं? म्हणतो, प्रोसेसमध्ये आहे. ती प्रोसेस शब्द शेजारी जाऊन सांगते.

३० जून, सोमवार. दुपार
आज. टाय लावून निघालो. सौरभ होता. शेअर विभागाच्या खिडकीपुढं लाइन, सगळी धोतर-टोपीवाली. एक म्हातारा म्हणाला, पाव्हणं, टाय लावून आलाय, लगीन हाय का तपासणी? सगळे हसले. आता अशा लाइनीत मी उभं राहायचं? आपल्या वेळेला काही किंमत आहे. आत निरोप धाडला, अल्फा वेल्थमधून आलोय. आतून निरोप आला, असू द्या, लाइनीत या.
सौरभ म्हणाला, जेवणाच्या सुट्टीनंतर गर्दी उतरंल, तंवर भिगवणला मासं खाऊ. हे लॉजिकल वाटलं.

तोच दिवस, संध्याकाळ
मासे चांगले होते. मग धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. सौरभ म्हणाला रोहित पक्षी असतात. ते केव्हाच गेलेले. तिथं एका होडीवाल्याची ओळख निघाली.
आलो तेव्हा खिडकी बंद. शिपाई कुलूप हलवून बघत होता. म्हणाला, यादी गेली की, आता पुढल्या साली. त्याला माझं कार्ड दिलं.
घरी आजी उंबऱ्यात. दिलं का रं? तिनं एकदाच विचारलं. मी हो म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या पिशवी कारखान्यात जाऊन आली होती.
तिनं पुरण घातलं. मला भूक नव्हती, मासे झाले होते. तरी दोन पोळ्या खाल्ल्या.

१४ जुलै
इंटर्नशिप संपली. नईम सरांनी सर्टिफिकेट दिलं. ‘शंभूराज पोळ यांनी आमच्याकडे पत्रके वाटण्याचे काम केले.’ समाधानकारक हा शब्द नाही. जागा कमी पडली असणार. पाठीवर हात ठेवून म्हणाले, पोरगा वाईट नाहीस रे तू, पण एका जागी नसतोस. संस्कृतीला त्यांनी नोकरीवर घेतलं. तिनं जाताना विचारलं, आजीचं झालं ना? मी टाय सैल केला.
सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीला लावलं. आजीनं त्यावर हात फिरवला. ह्यात तुजं नाव कुठं? दाखवलं. म्हणाली, माजं बी यील आता असंच छापून.

३ ऑगस्ट
सौरभ म्हणतो सोलर पॅनलमध्ये फार स्कोप आहे. विचार करतोय.
आजी पोस्टमनला चहा पाजते. येताजाता.

२२ ऑगस्ट
सगळं खरं सांगायचं ठरवलं. सांगायला गेलो तर ती ड्रॉप टाकून डोळे मिटून पडली होती. अशा वेळी माणसाला डिस्टर्ब करू नये.

५ सप्टेंबर, शुक्रवार
अहवाल आला. मी जागा असतो तर पहिला हातात घेतला असता, लपवला असता. असं ठरलेलं होतं. होतो घरीच, पण झोपलेला.
उठलो तर आजी अंगणात, उजेडाला. अहवाल डोळ्याला लावून. बोट नावाच्या पट्टीवरून जातंय, परत मागं येतंय. पट्टीवर: दत्तोबा रामा पोळ, निरवांगी.
म्हणाली, शंभ्या, घागर कुठं हाय रं? तिनं कागद तिरका केला, लांब धरला, पदरानं डोळे पुसले. म्हणाली, तू म्हणलास दिलंय, म्हंजी नाव तर आसणारच. पर मला एक बी घागर दिसंना.
तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. म्हणालो, आजी, बारीक अक्षरात छापलंय.
तिनं अहवाल मांडीवर ठेवला. मग म्हणाली, मग गेलंच म्हणायचं डोळं. रडली नाही. अहवाल घडी न मोडता तात्यांच्या फोटोमागं ठेवला. संध्याकाळी ड्रॉप टाकायला गेलो तर तिनं माझा हात धरला. नगं आता, काय उपेग.
बाटली अर्धी आहे अजून.
सकाळी सांगणार. उठल्या उठल्या.

६ सप्टेंबर
आजी माझ्या आधी उठलेली. चहा ठेवायला ओट्यावर लायटर चाचपत होती. कालपर्यंत बघून उचलायची, आज बघतसुद्धा नव्हती. लायटर तिच्या समोरच होता.
मी तो तिच्या हातात दिला.